बंद पडलेला कॉम्प्युटर आणि रघूकाका

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो गोधडीत गुंडाळून, हातगाडीवरून. नाना, म्हणजे माझे वडील, डाळमिलमध्ये कारकून होते. मिलच्या ऑफिसात नवी यंत्रं आली तेव्हा शेठनी जुनं यंत्र नानांना देऊन टाकलं. ‘पोरगी कॉम्प्युटर शिकते म्हणतोस ना, घेऊन जा,’ इतकंच म्हणाले म्हणे. नाना मिलपासून जळगावातल्या आमच्या मेहरूणपर्यंत त्या हातगाडीच्या बाजूनं पायी चालत आले, एक हात गोधडीवर ठेवून. खड्डा आला की गाडीवाल्याला ‘हळू, हळू’ करत. आमच्या गल्लीतल्या बायकांना वाटलं की कुणीतरी आजारी माणूस आणला.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे मोरी आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक लिंबाचं झाड. पुढच्या खोलीत नानांचं टेबल होतं, त्यावर कॉम्प्युटर बसला. आईनं तिचं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं पातळ त्याच्यावर पांघरलं, कारण नाना मिलमधून आले की त्यांच्या कपड्यांतून तुरीच्या टरफलाची बारीक धूळ घरभर उडायची. ती धूळ आमच्या जेवणात असायची, अंथरुणात असायची. आजही कुठे डाळ पाखडताना दिसली की त्या वासानं मी थबकते आणि मला नानांचा सदरा आठवतो. नाना आधी मोरीत जाऊन आंघोळ करत, धुतलेलं धोतर नेसत आणि मग त्या यंत्रासमोर येऊन बसत. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. मी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करायचे आणि ते चष्म्याच्या वरून बघत राहायचे. ‘आता माझं नाव लिही,’ म्हणायचे. मी लिहायचे. मग म्हणायचे, ‘आता आबांचं लिही.’

आबा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि आमच्या घरातली सगळी शांतता त्यांच्या जाण्याच्या दिवसापासून सुरू झाली होती. ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

नानांना एकच धाकटा भाऊ, रघूकाका. धुळ्याला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा काका दर महिन्याला जळगावला यायचे, आबांच्या पायाशी बसायचे, आणि आबा त्यांना अहिराणीत शिव्या देत देत स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून द्यायचे. आबा वैशाखात गेले. दुपारी गेले, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. धुळ्याला काकांच्या दुकानाशेजारच्या शिंप्याकडे फोन होता, तिथे निरोप ठेवला. पण काका त्या दिवशी नवापूरकडे कुठल्या गावात अँटेना बसवायला गेले होते. निरोप शिंप्याकडेच राहिला. इकडे ओट्यावर बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या बघता बघता वितळून पायऱ्यांवरून वाहू लागल्या. भाऊबंद जमले होते. मोठी माणसं म्हणू लागली, सूर्य मावळायच्या आत उरका, मातीचे हाल करू नका. नानांनी संध्याकाळी अग्नी दिला.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी ओट्यावर होते. त्यांनी धुतलेला ओटा पाहिला, आत पाहिलं, जिथे आबांची खाट असायची तिथली रिकामी जागा पाहिली. नाना पुढे झाले. काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, ‘मना बाप काय भाजीपाला व्हता का भाऊ, रातभर ठेवाले नही जमनं?’ नाना काहीच बोलले नाहीत. काका पाणीसुद्धा न पिता परत फिरले. दहावा त्यांनी धुळ्याला पांझरेच्या काठी एकट्यानं केला, असं आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत आणि नानाही धुळ्याला गेले नाहीत. भांडण असं काही झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं.

तर तो कॉम्प्युटर. माझी मैत्रीण पुष्पा, तिचा भाऊ सतीश पुण्याला शिकायला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला आणि आमचं यंत्र बघून हसला. म्हणाला, ‘हे काळं-पांढरं काय घेऊन बसलीस? आता नवी सिस्टीम आलीय. चित्रांची. माऊसनं चालते.’ मी जिथे कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते तिथेही नवी सिस्टीमच शिकवायचे, पण आठवड्यात जेमतेम दोनदा यंत्रावर बसायला मिळायचं. एका छापखान्यात ऑपरेटर मुलगी हवी होती, त्यांची परीक्षा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर होती. घरी सराव झाला असता तर ते काम मिळण्यासारखं होतं. सतीश एक पिशवीभर फ्लॉप्या घेऊन आला. एक घातली, ती घरघरली, मग दुसरी मागितली, मग तिसरी. आईनं त्याला दोनदा चहा दिला, एकदा कैरीचं पन्हं दिलं. शेवटची फ्लॉपी झाली, पडद्यावर अभिनंदनाचं काहीतरी आलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वीज गेली. मेहरूणात तेव्हा उन्हाळ्यात वीज जायची आणि तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. त्या वेळी ती दुसऱ्या दिवशी आली.

आली तेव्हा मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, एक बारीक आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की डिस्क सापडत नाही, सिस्टीमची डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा. मी दाबलं. पुन्हा तीच ओळ. सतीशला बोलावलं. त्यानं बराच वेळ खटपट केली, घाम पुसला आणि म्हणाला, ‘मदरबोर्ड गेला असणार. जुनं मशीन आहे. ह्याला आता भंगारवाला.’ तो गेल्यावर नाना टेबलापाशी उभे राहिले. मला रागावले नाहीत. फक्त विचारलं, ‘आधी चालत होतं ना?’

‘हो.’

‘मग?’

नानांनी आईचं पातळ उचललं आणि यंत्रावर नीट पसरलं, चारही कोपरे ओढून. तेवढ्यानं मला इतकं वाईट वाटलं की मी मागे लिंबाखाली जाऊन बसले.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक एसटीडी बूथ होता. मी तिथून धुळ्याला त्या शिंप्याकडे फोन लावला आणि रघूकाकांना बोलवायला सांगितलं. आजवर मी सगळ्यांना हेच सांगत आले की कॉम्प्युटरसाठी फोन केला. जळगावात दुरुस्त करणारे काय कमी होते? पण मला दुसरं कुणी सुचलंच नाही, हेही खरं. काकांचा आवाज आला. मी म्हटलं, ‘काका, मी नंदा. नानांची नंदा.’ बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, ‘कोन गयं?’ त्यांना वाटलं, कुणीतरी वारलं. मी घाईघाईनं सांगितलं, सगळे बरे आहेत, आमचा कॉम्प्युटर चालू होत नाही.

‘मी टीव्हीवाला शे माय. मी कॉम्प्युटर कधी उघडून नाही पाहिलेला.’

‘तरी या ना.’

‘भाऊनं सांगितलं का बोलवायला?’

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, ‘नाही. मीच बोलावतेय.’

पुन्हा खरखर. बूथवाला घड्याळाकडे बघत होता. मग काका म्हणाले, ‘उद्या येस.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. उंच, पूर्वीपेक्षा वाळलेले, खिशात टेस्टर, हातात खाकी कापडाची पिशवी. ओट्याच्या पायरीशी थांबले. आई गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती, तशीच पिठाच्या हातानं खाली आली. तिनं तांब्या पुढे केला. काकांनी तो घेतला, तोंड वर करून सगळा प्याले आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. आई पदरानं डोळे पुसत आत गेली. ते समजू नये इतकी लहान मी तेव्हा नव्हते. घरात पाणी पिऊन गेलेला माणूस आणि न पिता गेलेला माणूस ह्यांतला फरक आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतो.

संध्याकाळी नाना आले. दारात त्यांनी चपला पाहिल्या. चपला ओळखायचं कारण नव्हतं, पण ते जरा वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, ‘कधी आला?’

‘दुपारी.’

‘जेवला?’

‘वहिनीनं वाढलं.’

एवढंच झालं. नाना मोरीकडे गेले. त्या दिवशी त्यांची आंघोळ फार वेळ चालली.

काकांनी जमिनीवर पोतं पसरून यंत्र उघडलं होतं. आत इतकी तुरीची धूळ निघाली की आईनं सुपात गोळा केली. काकांना खरंच काही येत नव्हतं. प्रत्येक तुकडा काढताना ते मला म्हणायचे, ‘बघून ठेव, हा कुठे होता.’ मी बघून ठेवायचे आणि तरी दोघांनी मिळून एक चपटी वायर उलटी लावली. मग दिवा लागला तो विझेचना. काका हसले. आम्ही परत सगळं काढलं. पट्ट्यांची टोकं खोडरबरानं घासली. माझा क्लास, त्यांचं टीव्हीचं ज्ञान, दोन्ही मिळूनही अर्धंच होतं. पण ते घर! आईनं डुबुकवड्या केल्या, कळण्याची भाकरी केली, ठेचा केला. दुपारी गल्लीतल्या सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येऊ लागल्या होत्या, झाडाला झोके बांधले जात होते, त्यांची गाणी आत ऐकू यायची. काका काम करता करता त्या गाण्यांचं पुढचं कडवं आधीच म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून त्यांची चूक काढायची. मला आठवतं तसं आमच्या घरात इतका आवाज आबा गेल्यापासून झाला नव्हता. आणि नाना! नाना जळगावात शेठ-लोकांशी बोलून बोलून शुद्ध बोलू लागले होते, घरातही. काका आल्यावर त्यांच्या तोंडात अहिराणी परत आली. पण ती भावाशी बोलताना नाही, आईशी बोलताना, भावाला ऐकू जाईल अशी. ‘त्याले दही दे,’ असं आईला सांगायचे, काका समोर बसलेले असताना.

मग एका दुपारी काकांना ते सापडलं. हिरव्या पाटीच्या, म्हणजे मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी होती, तिच्यातून काहीतरी पाझरून भोवतीचं तांबं शेवाळलं होतं. काकांनी मीटर लावलं. काटा हललाच नाही. मी क्लासच्या सरांकडे सायकल दामटत गेले, विचारून आले. सर म्हणाले, यंत्र बंद असताना आपल्याला कुठली डिस्क जोडलेली आहे हे त्या बॅटरीच्या जोरावर ते लक्षात ठेवतं. जुनी होऊन बॅटरी खराब झाली असेल, वीज दिवसभर गेली आणि ते विसरलं. म्हणजे मदरबोर्ड गेला नव्हता, नवी सिस्टीमही डिस्कवर होती. यंत्राला आपल्याकडे डिस्क आहे हेच आठवत नव्हतं. काकांनी आमच्या लिंबाचा रस कापसावर घेऊन ते शेवाळ पुसलं, मेलेली बॅटरी काढली, दोन वायरी डागल्या आणि पेन्सिल सेल एकाला एक जोडून चिकटपट्टीनं गुंडाळून लावले. डागण्याचा तो धूर, लिंबाचा वास आणि बाहेरून बिबड्यांचा खारट वास, हे सगळं एकत्र अजून माझ्या नाकात आहे.

आता डिस्कची मापं यंत्राला हातानं सांगायची होती. ती डिस्कच्या लेबलावर छापलेली असतात, पण लेबल खरवडलेलं, अक्षरं मुंगीएवढी. मला वाचता येईनात, काकांना तर नाहीच. नाना त्या दिवशी मिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले होते. नानांनी सुट्टी घेतलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ते ओट्यावर बसून होते. तिथूनच म्हणाले, ‘भिंग आहे माझ्याकडे.’ डाळीचा दाणा तपासायचं भिंग ते नेहमी खिशात ठेवत. आत आले, पोत्यावर काकांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि डिस्क हातात घेतली. काका कीबोर्डवर एक बोट धरून बसले.

‘नऊ,’ नाना म्हणाले.

काकांनी दाबलं.

‘आठ. नंतर नऊ.’

‘नऊ?’

‘नऊ.’

यंत्रानं नाकारलं. पुन्हा वाचलं, पुन्हा नाकारलं. काकांनी वाकून नानांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘भाऊ, तू उलटं धरेल शे.’ नानांनी डिस्क फिरवली. सगळे नऊ सहा झाले. मग नाना हसले. मी नानांना असं खांदे हलवत हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. काकाही हसू लागले. ‘मिलमा बी असंच वाचस का रे तू?’ असं काका म्हणाले, आणि नानांनी त्यांच्या पाठीत एक धपका घातला. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवलं नाही, इतकी आशा होती त्यात.

आकडे बरोबर बसले तरी एक ओळ गेली आणि दुसरी आली. डिस्क आता सापडत होती, पण सुरुवातीच्या फायली बिघडल्या होत्या. ते काम मला येत होतं. सरांकडून आणलेली फ्लॉपी घातली, त्यांनी सांगितलेली आज्ञा टाईप केली, फ्लॉपी काढली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज. मग निळा रंग आला आणि चित्रं उमटली, एकामागून एक.

आई म्हणाली, ‘उनं का?’ मी म्हटलं, ‘आलं.’ तिनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. नाना पडद्याकडे बघत होते. आणि काका, ज्यांनी सगळ्यात जास्त घाम गाळला होता, ते एकेक हत्यार पुसून पिशवीत ठेवू लागले. पक्कड. स्क्रू-ड्रायव्हर. डागणी गार व्हायची होती, तिच्यावर फुंकर मारत बसले. मला एकदम कळलं की आम्ही काय करून बसलो. जोवर ते बंद होतं तोवर काकांना राहायला कारण होतं.

शिरा खाऊन झाल्यावर आई म्हणाली, ‘आखाजी करीसन जा ना, भाऊजी. आबांची घागर भरायची आहे.’ आमच्याकडे आखाजीला गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावानं पाण्याची घागर भरून पूजतात, त्यांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य देतात, चुलीच्या निखाऱ्यावर घास टाकतात. आबा गेल्यापासून ती घागर नाना एकटे पूजत आणि काका धुळ्याला दुसरी पूजत. आई म्हणाली, ‘दोन्ही भाऊ मिळून भरा औंदा.’

काका म्हणाले, ‘दुकान बंद शे वहिनी तठे.’ पण ते उठले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले, नानांकडे बघत. उघड उघड बघत. त्यांना निमंत्रण आईचं नको होतं, नानांचं हवं होतं.

मी नानांच्या समोरच होते. त्यांचे ओठ उघडले. बाहेर झोक्यावरच्या बायकांचं गाणं चाललं होतं. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘धुळ्याची गाडी आता लागली असेल. उशीर केलास तर बसायला जागा मिळायची नाही.’

मला आता वाटतं, नानांनी ते प्रेमानंच म्हटलं. भावाला उभ्यानं जावं लागू नये, एवढीच काळजी त्यांच्या तोंडातून निघू शकली. त्यांच्या पिढीच्या माणसांना गाडीची वेळ सांगता यायची, पाणी तापवून ठेवता यायचं, दही वाढायला सांगता यायचं. पण काका ते ऐकून उठले. ‘हा,’ म्हणाले, ‘लागेलच शे.’ आणि चपला घातल्या.

स्टॅण्डपर्यंत मी सोबत गेले, त्यांची पिशवी घेऊन. ऊन उतरलं होतं, डांबर अजून पायाला चिकटत होतं. धुळ्याची गाडी खरंच लागलेली होती, निम्मी रिकामी. काका खिडकीशी बसले, मी खाली उभी. आणि मला राहवलं नाही. आबा गेले त्या दुपारी नाना सायकलवरून ह्याच स्टॅण्डवर आले होते. एकदा एकटे आले. दुसऱ्यांदा मला पुढच्या दांडीवर बसवून आले, कारण मी रडायची थांबत नव्हते. धुळ्याहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी नाना उभे राहायचे आणि उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघायचे. कंडक्टरला विचारायचे, मागे अजून गाडी आहे का. सूर्य त्या समोरच्या भिंतीमागे गेला तेव्हा ते मला म्हणाले होते, ‘चल नंदा. तो नाही येत आता.’ आणि सायकलवर बसायच्या आधी बराच वेळ हँडल धरून उभे होते. हे मी काकांना सांगितलं. जसं आठवत होतं तसं सगळं.

काका ऐकत राहिले. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं, खिडकीची काच थरथरत होती. शेवटी म्हणाले, ‘हाई त्यानी सांगाले पाहिजे व्हतं, माय.’

‘ते नाही बोलत हो काका.’

‘तेच ना.’ त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. ‘तू सांगितलं, मी ऐकलं. पण तू तुझ्या बापाच्या वतीनं सांगू नको. त्याचं त्याला सांगू दे. मी वाट बघेन.’

घरी येऊन मी नानांना म्हटलं, ‘मी काकांना सांगितलं, तुम्ही स्टॅण्डवर गेला होतात ते.’ नाना झाडाला पाणी घालत होते. पाठ वळवूनच म्हणाले, ‘तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?’ आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाले, ‘काही म्हणाला का?’ मी म्हटलं, ‘वाट बघतो म्हणाले.’ नाना पाणी घालत राहिले. आळं भरून पाणी मोरीत वाहू लागलं तरी घालत राहिले. आखाजीला त्यांनी घागर एकट्यानं पुजली.

छापखान्यातलं काम मला मिळालं. पुढे लग्न होऊन मी चाळीसगावला आले. लग्नात काका आले, मांडवाच्या विजेच्या जोडण्या त्यांनी स्वतः तपासल्या, पहिल्या पंगतीला जेवले. दोघे भाऊ शेजारी उभे राहून मांडवाच्या दिव्यांविषयी बोलले, जनरेटरविषयी बोलले, पाहुण्यांच्या गाड्यांविषयी बोलले. येणं-जाणं सुरू झालं म्हणायचं, लोकांना तर ते मिटल्यासारखंच दिसलं. पण प्रत्येक वेळी काका निघताना जरा जास्त वेळ बसायचे, आणि नाना प्रत्येक वेळी गाडीची वेळ सांगायचे. मग टीव्ही दुरुस्त करून घेणारे लोक उरले नाहीत, दुकान बंद झालं, आणि काकांचा मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. मी नानांना फोनवर म्हणायचे, ‘काकांशी बोला ना एकदा.’ नाना म्हणायचे, ‘फोनवर काय बोलायचं ते? येऊ दे एकदा.’ म्हणजे बोलायचं होतं. हे मला त्यांनी एवढ्याच शब्दांत कबूल केलं.

नानांना अर्धांगाचा झटका आला तो पावसाळ्यानंतर. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काका निरोप मिळाल्याबरोबर सुरतेहून रेल्वेनं निघाले. मी त्यांना स्टेशनवरून घेऊन आले. खोलीत आले आणि खाटेशी खाली बसले, नानांचा डावा हात दोन्ही हातांत धरून. नानांनी त्यांना ओळखलं. त्यांचं तोंड हलू लागलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या वाकड्या झालेल्या ओठांपर्यंत आलं होतं, हे कुणालाही दिसलं असतं. ‘थां,’ ते म्हणाले. पुन्हा ‘थां.’ मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. त्यापुढचं अक्षर येईना. आई म्हणाली, राहू द्या हो, त्रास होतो. पण नाना थांबेनात. ‘थां. थां.’

मला आजही ठरवता येत नाही. ‘थांबलो होतो’ म्हणायचं होतं त्यांना, की ‘थांब’? काका वाकून नानांच्या कानाशी म्हणाले, ‘माले माहीत शे, भाऊ.’ मग नाना शांत झाले.

त्या खेपेला काका थांबले. नाना गेले तेव्हा त्यांचं डोकं काकांच्या मांडीवर होतं. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, ‘काका, नाना काय म्हणत होते?’ काका रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘काय म्हणत होता ते त्याला माहीत. मी माहीत शे म्हटलं, कारण त्याला दम लागत होता.’ आणि मग, ज्यांना मी आबांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं, ते गुडघ्यांत तोंड घालून रडू लागले. ‘एकदा पुरतं बोलला असता, नंदा,’ म्हणाले. ‘एकदाच.’